रेघ कच्ची राहू द्या

नमस्कार. विषय सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या पेनचा आहे, पण सुरुवात मी एका प्रश्नचिन्हापासून करणार आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही ऑनलाइन तिकीटविक्रीची एक प्रणाली बांधत होतो. चार-पाच जण व्हाइटबोर्डसमोर उभे होतो. मी ‘ऑर्डर’ असा एक चौकोन काढला, शेजारी ‘पेमेंट’ असा दुसरा, आणि मध्ये बाण. टेस्टिंग करणारी आमची सहकारी पुढे आली, माझ्या हातातला मार्कर तिने घेतला आणि त्या बाणावर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. म्हणाली, “बँकेचं उत्तर यायच्या आत नेट गेलं तर? आपण परत विचारणार. मग पैसे दोनदा कापले गेले तर?” आम्ही माना डोलावल्या. त्या क्षणी उत्तर कोणाकडेच नव्हतं आणि जेवायची वेळ झाली होती. कोणीतरी मोबाइलवर फळ्याचा फोटो काढला.

दोन दिवसांनी एका सहकाऱ्याने तो फोटो समोर ठेवून संगणकावर सुबक आकृती काढली. चौकोन काटकोनात, बाण सरळ, अक्षरं एका मापाची. प्रश्नचिन्ह तेवढं नव्हतं. त्याने ते मुद्दाम गाळलं असं मला आजही वाटत नाही. त्याच्यापुढच्या सॉफ्टवेअरमध्ये बाणाचे सात-आठ प्रकार होते, पण शंकेची खूण नव्हती. टिपणाची चौकट होती, पण त्यात वाक्य लिहावं लागतं, आणि अर्धवट शंकेचं वाक्य करणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे. आकृती मंजूर झाली. तिच्यावरून कोड लिहिला गेला. पहिल्या मोठ्या गर्दीच्या दिवशी काही लोकांचे पैसे खरोखरच दोनदा कापले गेले. ते परत करण्याच्या याद्या करत आम्ही दोन रात्री जागलो. त्या जागरणातच मी जुना फोटो उघडला आणि मला ते प्रश्नचिन्ह दिसलं.

ते नेमकं कुठे हरवलं, हे शोधता शोधता मी या विषयात शिरले. पेनने काढलेली रेघ समजून घेणारी साधनं माणसं गेली साठ वर्षं बनवत आहेत, आणि त्या साठ वर्षांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. यंत्राने आपली रेघ पक्की कधी करायची, आणि कधी तिला हात लावायचा नाही? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. आपण सांगेपर्यंत यंत्राने हात लावू नये. का, ते आता सविस्तर सांगते.

आधी एक साधी गोष्ट. सॉफ्टवेअर बांधणारी माणसं चित्रं काढतातच का? पूल बांधणाऱ्याला पूल दिसतो, शिंप्याला कापड दिसतं. आपल्या हातातल्या वस्तूला रंगरूप नाही. चार जण एका प्रणालीबद्दल बोलतात तेव्हा चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या प्रणाली असतात, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. फळ्यावर दोन चौकोन काढले की लक्षात येतं. “अरे, मला वाटलं हा बाण उलटा आहे,” असं कोणीतरी म्हणतं, आणि त्या एका वाक्याने पुढचा महिनाभराचा गोंधळ वाचतो.

2007 साली मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रामरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेरुबिनी, व्हेनोलिया, डीलाइन आणि को या चौघांनी तो केला होता. प्रोग्रामर चित्रं केव्हा काढतात, कशासाठी काढतात आणि पुढे त्या चित्रांचं काय होतं, हे त्यांनी पाहिलं. बहुतेक चित्रं क्षणभंगुर निघाली. फळ्यावर काढली, बोलणं झालं, पुसली. काही चित्रं पुन्हा पुन्हा काढली जात होती. फारच थोडी संगणकावर नीट उतरवली जात होती आणि त्याहून थोडी जपून ठेवली जात होती. फळ्यावरचं चित्र संगणकात नेण्याचे कष्ट इतके असतात की लोक ते करतच नाहीत. मी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. आळस फक्त आमचाच नव्हता.

हे क्षणभंगुर असणं आपल्याला तसं नवं नाही. आपल्याकडे लेकरू आधी धुळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायचं, म्हणून तर आपण ‘धुळाक्षरं’ हा शब्द वापरतो. चुकलं की तळहात फिरवायचा. गणितालाही पाटीगणित म्हणत आले ते उगाच नाही. धुळीवर लिहिणाऱ्याला चुकण्याची भीती नसते, कारण चूक कोणासमोर उरत नाही. माझ्या मते विचार करण्याचं साधन स्वस्त हवं ते पैशाच्या हिशोबाने नंतर, आधी भीतीच्या हिशोबाने.

आता इतिहासाकडे. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली केली. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-2 या संगणकावर ती चालायची. पडदा सात इंच चौरस. हातात प्रकाशपेन. या पेनची गंमत अशी की ते काही लिहीत नाही, ते बघतं. संगणक पडद्यावर एक छोटी फुली उजळवतो, पेनच्या टोकाला तो उजेड दिसतो, आणि कोणत्या क्षणी दिसला त्यावरून पेन कुठे आहे ते संगणकाला कळतं. पेन हलवलं की फुली मागोमाग येते.

नाव ‘स्केचपॅड’ असलं तरी ती स्केचची वही नव्हती. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. सदरलँडने स्वतःच प्रबंधात सांगितलं आहे की हे चित्र कागदावरच्या रेघेपेक्षा मुळातच वेगळं आहे, कारण त्याला आतून रचना आहे. तुम्ही वेडावाकडा चौकोन काढायचा आणि यंत्राला सांगायचं की या दोन बाजू समांतर कर, या दोन काटकोनात आण. यंत्र सगळी बंधनं एकत्र सोडवायचं आणि आकृती तुमच्या डोळ्यांदेखत सरळ व्हायची. काय चमत्कार वाटला असेल त्या काळी! आजची सगळी संगणकीय आरेखनं त्याच घराण्यातली आहेत. पण तिथेच एक गृहीतकही जन्माला आलं: माणूस वाकडं काढतो, यंत्र सरळ करतं, आणि सरळ म्हणजे चांगलं. पुलाच्या कैचीसाठी ते खरं होतं. आपल्या ‘ऑर्डर’ आणि ‘पेमेंट’साठी ते खरं आहे का?

सॉफ्टवेअरच्या आरेखनात पेन खऱ्या अर्थाने आलं ते सांता मोनिकामधल्या रँड या संस्थेत. 1964 मध्ये तिथे एक टॅब्लेट तयार झाली. दहा इंच चौरस पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांची जाळी होती. प्रत्येक रेषेतून वेगळा संकेत जायचा, पेन तो टिपायचं आणि त्यावरून जागा कळायची. एका इंचात शंभर रेषा, म्हणजे दहा लाख जागा. मग टॉम एलिस, जॉन हेफनर आणि विल्यम सिब्ली यांनी या टॅब्लेटवर ‘ग्रेल’ ही प्रणाली उभी केली. 1960 च्या दशकाचा उत्तरार्ध होता. माऊस अजून लोकांपर्यंत पोहोचला नव्हता.

ग्रेलमध्ये तुम्ही पेनने फ्लोचार्ट, म्हणजे प्रोग्रामच्या पायऱ्या दाखवणारे चौकोन आणि बाण, काढायचात. हाताने चौकोन काढला की त्या जागी नीट चौकोन यायचा. आत अक्षरं लिहिली की ती ओळखून छापील व्हायची. चौकोनावर गिरगटून काट मारली की तो नाहीसा व्हायचा. बाण ओढला की दोन चौकोन जोडले जायचे. आणि कळस म्हणजे तो फ्लोचार्ट चालायचा. चित्र हाच प्रोग्राम. याचं जुनं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थक्क झाले होते. आज पन्नास हजारांची टॅब्लेट घेऊनही असा सरळ व्यवहार आपल्या वाट्याला येत नाही.

तरीही ग्रेलबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मी अतिशय आदराने करते. रेघ ओढली रे ओढली की यंत्र तिचा अर्थ लावतं. तुम्हाला त्या रेघेचा अर्थ अजून ठाऊक नसेल तर? विचार चालू असताना काढलेला गोल कधी गोल असतो, कधी ‘हे सगळं एकत्र’ असं म्हणणं असतं, कधी नुसतं बोलता बोलता पेन फिरवणं असतं. यंत्राने तिथल्या तिथे ‘हा जोडबिंदू’ असा निकाल दिला, की तुमचं लक्ष विचारावरून उडतं आणि यंत्राची समजूत घालण्यात जातं.

यंत्र रेघ ओळखतं म्हणजे काय करतं, ते थोडं उघडून दाखवते, कारण यात जादू नाही आणि तुम्ही स्वतः एका दुपारी हे लिहू शकता. 2007 मध्ये वॉब्रॉक, विल्सन आणि ली यांनी एक छोटी पद्धत मांडली. तिचं नावच ‘एक डॉलर’ असं होतं, इतकी ती स्वस्त आणि सोपी. हाताच्या वेगाप्रमाणे रेघेवरचे बिंदू कुठे दाट, कुठे विरळ पडतात. पहिल्यांदा संपूर्ण रेघेवर सारख्या अंतरावर 64 बिंदू घ्यायचे. मग रेघेचा मध्य काढून, सुरुवातीचा बिंदू एका ठरावीक दिशेला येईल अशी ती फिरवायची. मग ताणून किंवा दाबून एका चौरसात बसवायची. शेवटी आपल्याकडच्या प्रत्येक नमुन्याशी बिंदूला बिंदू लावून सरासरी अंतर मोजायचं. सगळ्यात कमी अंतर ज्याचं, तो आकार. शंभरेक ओळींचा कोड.

याच्या मर्यादा पाहिल्या की सगळा विषय कळतो. चौरसात दाबून बसवल्यामुळे चौरस आणि आयत यांत याला फरक कळत नाही, तसंच वर्तुळ आणि लंबवर्तुळातही. तोच चौकोन डावीकडून उजवीकडे काढला आणि उलटा काढला, तर दोन्हींसाठी वेगळा नमुना ठेवावा लागतो. आणि पेन उचललं की संपलं, एका आकाराला एकच रेघ. यापेक्षा कितीतरी हुशार पद्धती आहेत. 2002 मध्ये एमआयटीत ट्रेसी हॅमंड आणि रँडल डेव्हिस यांनी ‘ताहुती’ ही प्रणाली केली, ती यूएमएल या सॉफ्टवेअर आरेखनाच्या ठरलेल्या चित्रभाषेतले क्लास डायग्राम, म्हणजे प्रोग्रामचे घटक आणि त्यांची नाती दाखवणाऱ्या आकृत्या, अनेक रेघांतून, कोणत्याही क्रमाने काढले तरी ओळखायची. पण कितीही हुशार झालं तरी यंत्र तुमच्या रेघेची तुलना त्याला आधीच माहीत असलेल्या आकारांशी करतं. जे त्याच्या यादीत नाही, ते एकतर चुकीचं ओळखलं जातं किंवा वगळलं जातं. माझ्या सहकारीचं प्रश्नचिन्ह असंच गेलं. फरक एवढाच की तिथे ओळखणारा माणूस होता, पण त्याच्या हातातली यादी यंत्राची होती.

जाता जाता आपल्या लिपीचं एक सांगते. चौकोनात आपण ‘ग्राहक’ लिहितो तेव्हा बहुतेक जण आधी अक्षरं लिहितात आणि शेवटी सगळ्यांवर एक शिरोरेघ ओढतात. पेनच्या हालचालींच्या क्रमावरून अक्षर ओळखणाऱ्या यंत्राला ही उशिरा येणारी आडवी रेघ म्हणजे डोकेदुखी आहे. ती कोणत्या अक्षराची? सगळ्यांची. आणि चौकोनाच्या आत ओढलेली आडवी रेघ क्लास डायग्राममध्ये कप्पा पाडते, म्हणजे यंत्राला ‘ग्राहक’च्या डोक्यावर भिंत दिसू शकते. मराठीतून विचार करणाऱ्या टीमसाठी कोणी असं साधन बनवणार असेल, तर हा प्रश्न आधी सोडवावा लागेल.

आता मला सगळ्यात आवडणारा टप्पा. 1990 च्या दशकाच्या मध्यावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स लँडे या संशोधकाने ब्रॅड मायर्स यांच्यासोबत ‘सिल्क’ हे साधन केलं. त्यांनी आधी पडद्यांचं डिझाइन करणाऱ्या लोकांना गाठून विचारलं की तुम्ही सुरुवात कुठे करता. उत्तर आलं, कागदावर. संगणकावर का नाही? कारण संगणकावर काढलं की ते झाल्यासारखं दिसतं. समोरचा मग रंगाबद्दल, अक्षरांबद्दल, दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल बोलायला लागतो, आणि ‘हे बटण मुळात हवं का’ हा खरा प्रश्न तसाच राहतो.

हे माझ्या अनुभवाशी इतकं जुळलं की मी टेबलावर हात आपटला होता. आमची ती सुबक आकृती मंजूर झाली ना, त्या बैठकीत चर्चा कशावर झाली माहीत आहे? चौकोनांचे रंग टीमप्रमाणे वेगळे असावेत का, यावर. वीस मिनिटं. बाणावर एक शब्द नाही.

1996 मध्ये जर्मनीत माग्डेबुर्गच्या संशोधकांनीही हेच दुसऱ्या बाजूने तपासलं होतं. त्यांनी वास्तुरचनाकारांना एकाच इमारतीची तीन प्रकारची चित्रं दाखवली: संगणकाने काढलेली नेमक्या रेघांची, छायाप्रकाशाची, आणि हाताने काढल्यासारखी. सुरुवातीच्या टप्प्यावर दाखवायला त्यांनी हाताने काढल्यासारखं चित्र पसंत केलं, आणि त्या चित्राने बघणाऱ्यांना बोलतं केलं. कच्ची रेघ पाहणाऱ्याला सांगते की अजून ठरलेलं नाही, तुम्हीही बोला.

सिल्कची युक्ती अशी: यंत्र ओळखायचं, पण रेघ बदलायचं नाही. तुम्ही आयत काढून आत नागमोडी रेघ काढली की ते बटण आहे हे त्याला कळायचं, तरी पडद्यावर तुमचीच वेडीवाकडी रेघ राहायची. त्या कच्च्या चित्रावर टिचकी मारली की ते बटणासारखं वागायचं, दुसरं चित्र समोर यायचं. पक्कं रूप हवं तर नंतर, तुम्ही मागाल तेव्हा. हा विचार ग्रेलच्या अगदी उलट होता. यंत्राला कळलेलं असणं आणि यंत्राने ते तुमच्यावर लादणं, या दोन गोष्टी इथे वेगळ्या झाल्या.

त्याच लँडे यांनी पुढे बर्कलीत आपल्या सहकाऱ्यांबरोबर ‘डेनिम’ केलं, ते 2000 मध्ये मांडलं गेलं, वेबसाइटच्या डिझाइनसाठी. तिथे तर ओळखणं जवळजवळ सोडूनच दिलं. पानं आणि पानांना जोडणारे बाण एवढंच यंत्राला कळायचं, बाकी शाई ती शाई. आणि एक पट्टी होती, ती सरकवली की तुम्ही वर-खाली जायचात: सगळ्यात वर साइटचा पसारा, खाली पानांचा नकाशा, मग गोष्टीसारखी पानांची रांग, मग एकेक स्केच, आणि तळाशी बारीक तपशील. पाच पातळ्या, पण चित्र एकच. आपण बोलताना असंच करतो. “एकूण काय आहे?” आणि लगेच “बरं, पण या खोक्यात काय?” नकाशा आणि तपशील वेगवेगळ्या फाइलींत असले की हा प्रवासच होत नाही.

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठात त्याच वर्षी ‘नाइट’ नावाचं साधन आलं, मोठ्या इलेक्ट्रॉनिक फळ्यावर हाताच्या खुणांनी यूएमएल काढण्यासाठी. त्यात मुक्त शाईची वेगळी सोयही ठेवली होती, कारण त्यांनी खऱ्या बैठका पाहिल्या होत्या आणि लोक नियमातल्या आकृतीत नियमाबाहेरची खरड सर्रास मिसळतात हे त्यांना दिसलं होतं. त्याबद्दल एवढंच.

मला जास्त बोलायचं आहे ते अर्व्हाइनबद्दल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत आंद्रे व्हान डेर हूक यांच्या गटाने, विशेषतः निकोलस मँगानो यांनी, ‘कॅलिको’ नावाचा डिजिटल फळा बनवला. त्यात यंत्र काहीही ओळखत नाही. तुम्ही हवं ते काढा. काढलेल्या भागाभोवती पेन फिरवून त्याचा एक तुकडा करता येतो. ते त्याला ‘स्क्रॅप’ म्हणतात, आपण कपटा म्हणू. हा कपटा उचलून हलवता येतो, दुसऱ्या कपट्यावर ठेवता येतो, बाणाने जोडता येतो, आणि कपटा हलला की बाणही हलतो. कपट्यात काय आहे याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. क्लास असेल, पडद्याचं चित्र असेल, नुसती यादी असेल, किंवा प्रश्नचिन्ह असेल. शिवाय फळा एक नसून अनेक फळ्यांची जाळी, एका चित्राची प्रत शेजारच्या घरात काढून तिथे दुसरा पर्याय आजमावायचा, आणि दोन्ही बाजूबाजूला बघायचे.

याच गटाने 2010 मध्ये एक फार मोलाचं काम केलं. त्यांनी तीन कंपन्यांमधल्या अनुभवी डिझायनरांच्या तीन जोड्यांना एक प्रश्न दिला आणि व्हाइटबोर्डसमोर उभं करून चित्रण केलं. ते चित्रण वेगवेगळ्या विद्याशाखांतल्या अभ्यासकांना दिलं आणि मग सगळ्यांना एकत्र बोलावलं. प्रश्न असा: एका प्राध्यापिकेला विद्यार्थ्यांना वाहतुकीचे सिग्नल शिकवायचे आहेत. रस्ते मांडता यावेत, चौकातल्या दिव्यांच्या वेळा बदलता याव्यात आणि गर्दीचं काय होतं ते दिसावं, असा प्रोग्राम आखा.

या आणि नंतरच्या अभ्यासांतून जे दिसलं ते प्रत्येक साधन बनवणाऱ्याने वाचायला हवं. लोक एका चित्रावर फार वेळ थांबत नाहीत, एकातून दुसऱ्यात उड्या मारतात. एकाच चित्रात यादी, पडदा, क्लास आणि बाण यांची मिसळ असते. बारकावे मुद्दाम सोडलेले असतात. चित्रावर बोट ठेवून “समजा गाडी इथून आली” असं म्हणत ते डोक्यात प्रोग्राम चालवून बघतात. आणि नियमबद्ध भाषा, म्हणजे यूएमएल, ते गरजेपुरती, थोडी थोडी उसनी घेतात. चित्राचा निम्मा अर्थ बोलण्यात आणि बोटांत असतो. त्यामुळे नुसता फळ्याचा फोटो घेऊन काम भागत नाही, हेही त्यातून मला कळलं. आम्ही आता फोटोसोबत, चित्रावर बोट फिरवत, मिनिटभराचं बोलणं मोबाइलवर घेऊन ठेवतो. साधा उपाय आहे, करून पाहा.

पेनच्या यंत्राबद्दलही थोडं बोलायलाच हवं, कारण साधन कितीही शहाणं असलं तरी शाई उशिरा उमटली की हात रुसतो. आपण फटकन बाण मारतो तेव्हा हात सेकंदाला सहज तीसेक सेंटिमीटर जातो. यंत्राला पन्नास मिलिसेकंद उशीर झाला तर शाई टोकाच्या दीड सेंटिमीटर मागे राहते. आपण पेनने लिहीत नसून दोरीने काहीतरी ओढतोय असं वाटतं. 2019 मध्ये ॲपलने आपल्या ‘ॲपल पेन्सिल’ या डिजिटल पेनचा हा उशीर 20 मिलिसेकंदांवरून 9 वर आणल्याचं सांगितलं. म्हणजे तेच अंतर तीन मिलिमीटरच्या आत. आकडा लहान वाटतो, पण ज्याने दोन्ही वापरली आहेत त्याला विचारा. जपानच्या वाकोम कंपनीची पेनं तर बॅटरीशिवाय चालतात. टॅब्लेटच्या पाटीतून निघालेल्या चुंबकीय लहरींवर पेनमधलं वेटोळं गुंजतं आणि पाटी ते परत ऐकते. तळहात टेकला तरी रेघ उमटू नये, काचेची जाडी इतकी नको की शाई टोकापासून सुटलेली दिसेल, हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुटत आलं आहे. आता सबब हार्डवेअरची नाही.

आणि मग 2020 च्या जानेवारीत ‘एक्सकॅलिड्रॉ’ हे वेबवर आकृत्या काढायचं साधन आलं. क्रिस्टोफर शेडो यांनी ते सुरू केलं, आणि घरून काम करण्याच्या त्या वर्षांत आपल्यातल्या कित्येकांच्या हाताला ते बसलं. त्यात बहुतेक लोक माऊसनेच चौकोन काढतात, पण चौकोन मुद्दाम थरथरत्या हाताने काढल्यासारखा उमटतो. अक्षरंही हस्ताक्षरासारखी. ग्रेलमध्ये माणसाची वाकडी रेघ यंत्र सरळ करायचं. इथे यंत्र आपली सरळ रेघ वाकडी करून दाखवतं. पन्नास वर्षांत चक्र पूर्ण फिरलं. काही जण याला वरवरचं सोंग म्हणतात, मला ते पटत नाही. आमच्या टीममध्ये ज्या दिवसापासून आकृत्या अशा दिसायला लागल्या त्या दिवसापासून नवी मुलं त्यांच्यावर खाडाखोड करायला धजावली. पक्क्या आकृतीला हात लावायला ती आधी परवानगी मागायची.

शेवटचा टप्पा आत्ताचा आहे, आणि त्याबद्दल मला उत्साह आणि काळजी दोन्ही वाटतात. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ‘टीएलड्रॉ’ या डिजिटल फळ्यावर एक बटण आलं, ‘मेक रिअल’. पडद्याचं कच्चं चित्र काढा, बटण दाबा, ते चित्र एका मोठ्या भाषिक मॉडेलकडे, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या एआयकडे, जातं आणि चालणारं पान परत येतं. त्यावर पुन्हा खुणा करा, पुन्हा दाबा. सिल्कचं स्वप्न, पण ओळखायच्या आकारांची यादीच नाही, काहीही काढा.

मी ते वापरून पाहिलं, अर्थातच आमच्या जुन्या चित्रावर. तिकिटाचा पडदा काढला, ‘पैसे भरा’ असं बटण काढलं, आणि त्या बटणावर तेच मोठं प्रश्नचिन्ह. काही सेकंदांत देखणं पान आलं. प्रश्नचिन्ह हरवलं नव्हतं. बटणाशेजारी एका छोट्या गोलात ते व्यवस्थित बसवलेलं होतं आणि त्यावर टिचकी मारली की मदतीचा मजकूर उघडत होता.

मी त्या पानाकडे बराच वेळ बघत बसले. जुन्या सॉफ्टवेअरने शंका गाळली होती, या नव्याने तिचं उत्तर देऊन टाकलं होतं, कोणीही न विचारलेल्या प्रश्नाचं. गाळलेलं निदान फोटोशी ताडून सापडतं. भरून टाकलेलं सापडायला फार कठीण, कारण पान पूर्ण दिसतं, आणि पूर्ण दिसणाऱ्या पानासमोर बसून लोक पुन्हा रंगाबद्दल बोलायला लागतात. कच्च्या चित्रातली रिकामी जागा ही बऱ्याचदा आपण विचारपूर्वक सोडलेली असते. यंत्राला ती भोक वाटते आणि ते बुजवतं.

म्हणून मला हवं असलेलं साधन अजून कोणी केलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कोणी करावं असं मला मनापासून वाटतं. त्यात शाई माझीच राहील. यंत्राने मागे बसून सगळं समजून घ्यावं, हरकत नाही. पण बटण दाबल्यावर पान देण्याआधी त्याने मला यादी द्यावी: इथे तुम्ही बाणाचं टोक काढलेलं नाही, इथे दोन चौकोनांना एकच नाव आहे, इथे प्रश्नचिन्ह आहे आणि ते कोणाला विचारायचं ते लिहिलेलं नाही. मी उत्तर दिलं तर त्याने तेवढाच भाग पक्का करावा. बाकीचा भाग कच्चाच दिसावा, त्याच आकृतीत, पक्क्या भागाच्या शेजारी. म्हणजे बैठकीत बसलेल्या कोणालाही लांबून कळेल की कुठे ठरलं आहे आणि कुठे नाही. हे करायला आज लागणारं सगळं हाताशी आहे. पेन आहे, मॉडेल आहेत, फळे आहेत.

तर आता बोलणं पुरे. मागच्या भिंतीवर चार व्हाइटबोर्ड आहेत आणि दोन टॅब्लेट आहेत. अर्व्हाइनमध्ये दिलेला प्रश्नच आपण घेऊ, फक्त प्राध्यापिकेच्या जागी मी आहे आणि चौक आपला आहे, या इमारतीच्या खालचा. रिक्षा उलट्या बाजूने येतात, पीएमपीची बस वळताना दोन लेन घेते, सिग्नल लाल असला तरी डावीकडे कोणी थांबत नाही, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोघादोघांच्या जोड्या करा. निम्म्या जोड्या फळ्यावर, निम्म्या टॅब्लेटवर, आणि वीस मिनिटांनी जागा बदला. ज्याला जिथे शंका येईल त्याने तिथे प्रश्नचिन्ह काढायचं, आणि शेजाऱ्याने त्याखाली कोणाला विचारायचं ते नाव लिहायचं. डस्टर मी माझ्याकडे ठेवते आहे. मार्कर इथे टेबलावर आहेत, या.